न फुटणारी संख्या

शलाका थोरात कुणाच्या शब्दावर वस्तू घेणारी बाई नव्हती. कलिंगड घ्यायचं तर गाड्यावरची पाच-सहा तरी थोपटून बघायची, नारळ कानाशी धरून हलवायचा, आणि माठ घ्यायला ती निघाली की कराडच्या कुंभारांना घाम फुटायचा. एकेक माठ उचलायची, टिचकी मारायची, कान लावायची आणि "हा बद्द वाजतोय" म्हणून बाजूला ठेवायची. नोकरीही तिला तशीच मिळाली होती. दूध संघाच्या प्रयोगशाळेत बसून आलेल्या दुधात पाणी किती, साखर किती, हे काढायचं. "हिला देव भेटला तरी ही आधी नमुना मागेल," असं तिचा नवरा सुहास चारचौघांत सांगायचा, आणि तिला त्याचा रागही यायचा नाही.

एक वस्तू मात्र तिनं न वाजवता घेतली होती. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेली असे. ॲल्युमिनियमची, जेवणाच्या डब्याएवढी, हात लावला की कोमट. वर एक हिरवा दिवा, मागून इन्व्हर्टरकडे गेलेली वायर. घरात तिला डबाच म्हणत. डब्याच्या बुडाला एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एकच संख्या छापली होती, सहाशे सतरा आकडी. वीस वर्षं तो डबा हिशेब करत होता आणि शलाका रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसत होती.

सुहास कॉलेजात गणित शिकवायचा. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी हातात फार वेळ नाही हे सरळ सांगितलं. मुलगी रेवा तेव्हा तीन वर्षांची. सुहासनं रडारड फारशी केली नाही. एका दुपारी खोलीचं दार लावून त्यानं काहीतरी ध्वनिमुद्रित केलं, ते या डब्यात कुलूपबंद केलं आणि शलाकाला समोर बसवून कुलूप समजावून सांगितलं.

"एक आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा. उत्तराला खालच्या मोठ्या संख्येनं भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. मग त्या बाकीचा वर्ग. पुन्हा भागायचं, पुन्हा बाकी. हा डबा वीस वर्षं तेवढंच करणार. शेवटी जी बाकी उरेल ती किल्ली."

"आणि कुणी हजार संगणक लावले तर?" शलाकानं विचारलं.

"दहा भांड्यांत विरजण लावलंस म्हणून दही दहापट लवकर लागतं का? प्रत्येक वर्गाला आधीची बाकी लागते. ती हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही."

"मग किल्ली तुला कशी माहीत?"

"मला चोरवाट माहीत आहे." सुहास दमला होता, थांबून थांबून बोलत होता. "अशा कुलुपाची संख्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच पूर्ण भागत नाही, अशी. त्या दोन ज्याला ठाऊक, त्याला वीस वर्षं चालावं लागत नाही. आणि ठाऊक नसतील तर एवढी संख्या फोडायला जगातले सगळे संगणक जुंपले तरी लाखो वर्षं जातील." मग त्यानं डबा तिच्याकडे सरकवला. "यात रेवासाठी आहे, तुझ्यासाठीही आहे. घे, तुझ्या सवयीप्रमाणं नीट बघून घे."

शलाकानं डबा घेतला, पण बघितला नाही. तिचे डोळे भरलेले होते. प्राध्यापक माणूस, त्यातून मरायला टेकलेला. त्याच्या आकड्याला कोण टिचकी मारणार? महिन्याभरात सुहास गेला.

त्यानंतर घरातली सगळी कामं डब्याभोवती बसवली गेली. गावाला जायचं तर डब्यासाठी कुणीतरी घरी हवं. भाड्याचं घर बदललं तेव्हा डबा बॅटरीवर लावून शलाकानं मांडीवर घेऊन रिक्षातून नेला. रेवा मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "आई, आता याच्या कितीतरी पट वेगानं वर्ग करणारी यंत्रं निघालीत, त्यावर घालू या का?" शलाका म्हणाली, "त्यानं दिलाय तोच." विषय संपला.

आणि या सगळ्यात हर्षद होता. हर्षद शिंगटे, सुहासचा शाळेपासूनचा मित्र, स्टँडामागं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान असलेला. डब्याच्या बॅटऱ्या तोच बदलायचा. कोयनेला मोठा पूर आला त्या वर्षी गळ्याएवढ्या पाण्यातून डबा डोक्यावर घेऊन तोच बाहेर पडला होता, आणि मागून शलाका रेवाला पाठुंगळी घेऊन ओरडत होती की जरा सरळ धरा, वायर भिजेल. पुरानंतर दुरुस्त होईपर्यंत कितीतरी महिने डबा बंद राहिला, अधूनमधून वीजही दगा देत आली, त्यामुळं वीस वर्षांचं काम आता बावीस-तेवीसवर जाणार होतं.

पुरानंतर दोनेक वर्षांनी हर्षदनं तिला लग्नाचं विचारलं. कसं विचारलं, तर बॅटरीचे स्क्रू आवळता आवळता. तोवर तो तिला वहिनी म्हणायचा. शलाकाला तो आवडत होता, हे तिनं स्वतःपाशी कधीच कबूल करून टाकलं होतं. पण सुहास म्हणाला होता, तुझ्यासाठीही आहे. काय असेल ते? नको म्हणून सांगितलं असेल? हो म्हणून? ते न ऐकता संसार मांडायचा, हे तिला चोरी केल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "डबा उघडू दे, मग बघू." हर्षदनं मान डोलावली, स्क्रू आवळला आणि त्या दिवसापासून तिला वहिनी म्हणायचं बंद केलं. त्याच्या जागी दुसरं काही म्हणायलाही लागला नाही. नुसतं "ऐकलं का" म्हणून सुरुवात करायचा. त्यालाही आता दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती.

अशात कोल्हापूरला ते यंत्र आलं.

क्वांटम संगणकाच्या बातम्या लोक कैक वर्षं ऐकत होते, पण ती सगळी अमेरिका-चीनची भांडणं. आता सरकारनं महामार्गालगत एक पांढरी इमारत बांधली आणि सांगितलं की जुन्या पद्धतीची सगळी कुलपं यापुढं निकामी समजावीत. या यंत्राचं काम एवढंच, की मोठी संख्या घालायची आणि तिचे अवयव बाहेर काढायचे. साधा संगणक एकेक भाजक लावून बघत बसतो. हे यंत्र त्या संख्येच्या पोटात दडलेलं चक्र शोधतं, बाक्या कुठून पुन्हा त्याच क्रमानं यायला लागतात ते. चक्र सापडलं की संख्या फुटते. ज्याला लाखो वर्षं लागणार होती ते काम दुपारच्या जेवणाआधी व्हायला लागलं. बँकांनी आधीच नवी कुलपं बसवली होती. राहिली होती माणसांची जुनी कुलपं: मेलेल्या काकांचे फोन, विसरलेल्या पासवर्डचे संगणक, कुणीकुणी बंद करून ठेवलेले फोटो. लोकांनी त्या इमारतीचं नाव फोडघर ठेवलं आणि रांगा लावल्या. दूध संघातल्या भोसलेबाईंनी सासऱ्यांची डिस्क फोडून आणली. घरात महिनाभर तर्कवितर्क चालले होते. आत निघाले सासऱ्यांच्या स्कूटरचे चारशे फोटो. दुसरीकडं एका घरात असं काही निघालं की दोन भाऊ एकमेकांच्या दारावरून जाईनासे झाले. अशी ती हवा होती.

रेवा पुण्याहून शनिवारी आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, मी नंबर लावलाय. पुढच्या बुधवारी."

"कसला नंबर?" शलाकानं विचारलं, जसं काही तिला कळलंच नव्हतं.

"फोडघरात. बाबांची संख्या द्यायची, ते दोन तुकडे काढून देतील. त्याच दिवशी उघडेल."

"राहिलीत किती, दोन-अडीच वर्षं. इतकी थांबलीस, अजून थांब."

"मी थांबले नाही आई. तू थांबलीस. मला थांबवून ठेवलं होतं." रेवा पाटावर बसली. "हर्षदकाका बेळगावला चाललेत, माहीत आहे ना तुला?"

शलाकाला माहीत होतं. हर्षदच्या बहिणीच्या यजमानांचं बेळगावात पंपांचं वर्कशॉप होतं, त्यांचे गुडघे गेले होते आणि ते कधीचे बोलवत होते. हर्षदनं दुकान विकलं होतं. महिनाअखेर जायचं म्हणत होता. गेल्या आठवड्यात बॅटरी बदलायला आला तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं होतं, "ऐकलं का, ही बॅटरी तीन वर्षं जाईल. तेवढी पुरेल तुम्हाला." ती रात्रभर तळमळली होती, पण ते रेवाला सांगण्यासारखं नव्हतं.

"त्यांचा काय संबंध," ती म्हणाली.

"काही नाही?"

"सुहासनं वीस वर्षं म्हणून सांगितलं होतं. माणूस शेवटचं काही सांगून जातो त्याला काही किंमत आहे की नाही? फोडून बघायचं, घर फोडल्यासारखं?"

रेवानं फळीवरच्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुला बाबांचा आवाज आठवतो?"

"हे काय विचारणं झालं."

"मला नाही आठवत. मी आठवायला बसते तेव्हा मला तूच ऐकू येतेस, त्यांची नक्कल करताना. ते कसे बोलायचे, देव भेटला तरी नमुना मागेल, वगैरे. सगळं तुझ्या आवाजात. मला बाकीचं काही नको आई. मला फक्त तेवढं हवंय."

शलाकानं उठून डब्याखालचा कागद फोनवर टिपून घेतला. पहिला फोटो धूसर आला म्हणून दोनदा टिपावा लागला.

बुधवारी विजेच्या एसटीनं दोघी कोल्हापूरला गेल्या. फोडघर बाहेरून दवाखान्यासारखं आणि आतून पासपोर्ट कचेरीसारखं होतं. यंत्र कुठं दिसत नव्हतं. ते तळघरात, गोठवून ठेवलेलं. वर काउंटरवर तहसीन बागवान नावाची तिशीतली मुलगी बसली होती. तिनं संख्या घेतली, वर्ग किती वेळा करायचे तो आकडा आणि कुलूपबंद ध्वनिफीत, दोन्ही रेवानं डब्यातून फोनवर उतरवून आणलेली, घेतली आणि म्हणाली, "बसा काकू. आधी साधी तपासणी करते, मग खाली पाठवते."

त्या बसतात न बसतात तोच तहसीननं पुन्हा हाक मारली. ती पडद्याकडं बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"काकू, संख्या बरोबर टिपलीत ना?"

"दोनदा टिपली," शलाका म्हणाली. "का?"

"ही फुटत नाही."

"एवढं मोठं यंत्र आणून फुटत नाही?"

"यंत्रापर्यंत गेलीच नाही ती. ही मूळ संख्या आहे. अख्खी. हिचे दोन तुकडे नाहीतच, तर फुटणार काय?"

शलाकाला काही कळेना. "तुम्हाला इतक्यात कसं कळलं? फोडायला लाखो वर्षं लागतात ना?"

"फोडायला लागतात. फुटते की नाही एवढं बघायला नाही लागत." तहसीन समजावायला सरसावून बसली, हे तिला आवडत असावं. "तुम्ही माठ घेता ना काकू, तेव्हा टिचकी मारता. माठ तडकलेला असेल तर आवाजावरून कळतं. तडा कुठं आहे ते मात्र कळत नाही, त्याला पाणी भरून बघत बसावं लागतं. संख्येचं तसंच आहे. आम्ही तिला वेगवेगळ्या आकड्यांच्या टिचक्या मारतो. तो आकडा घ्यायचा, ठराविक वेळा गुणायचा, या संख्येनं भागायचं आणि बाकी बघायची. संख्या मूळ असेल तर दरवेळी बाकी ठरलेली येते. फुटकी असेल तर कुठंतरी बद्द वाजतेच. ही शंभर टिचक्यांना खणखणीत वाजली."

माठाचं नाव निघालं तशी शलाकानं फोनवरची ती संख्या पुन्हा उघडून बघितली. हिला आपण एकदाही टिचकी मारली नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं.

"मग किल्ली?" रेवानं विचारलं.

"किल्ली आत्ता देते. वारांचं कसं असतं बघ. आजपासून दहा लाख दिवसांनी कोणता वार, हे काढायला दहा लाख दिवस मोजावे लागत नाहीत. सातांचं चक्र आहे हे ठाऊक असलं की झालं, भागून बाकी बघायची. तुमच्या डब्यातल्या बाक्याही अशाच चक्रात फिरतात. संख्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असती तर चक्र केवढं हे कळायला आधी ती फोडावी लागली असती. पण संख्या स्वतःच मूळ असली की चक्र उघड असतं, तिच्यापेक्षा एकनं कमी. बस. तेवढं घालायचं आणि थेट शेवटी उडी मारायची."

"हे," शलाकानं सावकाश विचारलं, "वीस वर्षांपूर्वी करता आलं असतं?"

"पन्नास वर्षांपूर्वीसुद्धा, काकू. कॉलेजातल्या कुठल्याही संगणकावर. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, ही मूळ आहे का म्हणून." तिनं पडद्याकडं बघितलं. "उघडली. त्या खोलीत ऐका. पाणी ठेवलंय."

खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि कागदी रुमालांचा खोका. रेवानं दार लावलं, फोन मध्ये ठेवला आणि आईकडं बघून बटण दाबलं.

आधी खोकला आला. मग सुहास म्हणाला, "शलाका, आधी तू ऐक. रेवाला जरा बाहेर पाठव. तिला काही कळणार नाही, पण तू रडशील आणि ती घाबरेल."

तेवीस वर्षांच्या रेवानं आईचा हात धरला. आवाज बारीक होता, जरा नाकातला. शलाकानं वीस वर्षं नक्कल केली होती त्यापेक्षा कितीतरी वेगळा.

"माझ्या अंदाजानं मला जाऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. तेराव्याच्या गडबडीत तू डब्याकडं बघणार नाहीस. पाहुणे गेले की बघशील. बघशील आणि म्हणशील, हा खरंच दोन संख्यांचा गुणाकार आहे का, विचारू तरी कुणाला. कॉलेजात कुणालाही विचारलं असशील तर चहा होईस्तोवर उत्तर मिळालं असेल. तू माठ वाजवल्याशिवाय घेत नाहीस, माझा आकडा कशी घेशील? जगासाठी ते कुलूप आहे. लोक कुलूप बघितलं की परत जातात. तुझ्यासाठी मी नुसतं दार लोटून ठेवलंय. सरळ हातात दिलं असतं तर तू माझ्यासमोरच ऐकलं असतंस, आणि मला हे तुझ्यासमोर बोलता येत नाही. मी प्रयत्न केला दोनदा."

पुढं त्यानं कामं सांगितली. रेवाचा लसीचा एक डोस राहिलाय. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, हर्षदला सांग. त्याला जेवायलाही घाल, बोलत नाही पण दुपारचा वडापाववर असतो. कपाटाची दुसरी किल्ली देवाच्या फोटोमागं आहे.

"आता मुख्य. सगळे तुला सांगायला लागतील, सुहासची अशी इच्छा होती, सुहासची तशी इच्छा होती. माझी आई सांगेल, तुझा भाऊ सांगेल. माझी कसलीही इच्छा नाही. मी असताना तू माझं काहीएक ऐकलं नाहीस, आणि त्यामुळंच आपलं बरं चाललं. आता मी गेल्यावर ऐकायला लागू नकोस. ... झालं. यापुढचं रेवाचं. ते ती मोठी झाली की तिला दे."

रेवानं बटण दाबून थांबवलं. शलाका रडत नव्हती. ती भिंतीकडं बघत होती आणि तिचा चेहरा बघून रेवालाच भीती वाटली.

"तुझं तू ऐक," शलाका म्हणाली आणि बाहेर येऊन बाकावर बसली.

तिला सुहासचा संताप आला होता. मानगूट धरून हलवावा असा. एवढा हुशार माणूस, आपल्या बायकोला ओळखतो म्हणणारा, आणि एवढं कळलं नाही त्याला, की अख्ख्या जगाचं दूध तपासणारी बाई त्याच्या शब्दाला हात लावणार नाही? लावता आला नसता तिला. त्या कागदावरचा एकेक आकडा तिला त्याच्या तोंडचा वाटत होता. नीट बघून घे, असं तो तोंडावर म्हणाला होता, आणि तिनं घेतलं होतं डोळे पुसत. आता तिला रडू आलं. संतापाचंच होतं ते, पण त्यात सुहासही होता, आणि तो बारीक नाकातला आवाज, जो ती विसरली होती आणि विसरलेय हेही तिला ठाऊक नव्हतं. तहसीननं चहा आणून शेजारी ठेवला.

रेवा बाहेर आली ती डोळे सुजवून, पण हसत. "मला त्यांनी नऊचा पाढा म्हणून दाखवलाय," ती म्हणाली. "चालीवर. बाकीचं नंतर सांगते."

कराडला उतरल्यावर रेवा घराकडं वळली. शलाका म्हणाली, "तू हो पुढं. मी आले." रेवानं कुठं म्हणून विचारलं नाही.

हर्षदचं दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. तांब्याच्या तारेची रिळं एका खोक्यात, हत्यारं दुसऱ्यात. तो जमिनीवर बसून दोरी बांधत होता. तिला बघून त्यानं सवयीनं स्टूल पुसून पुढं सरकवलं.

"ऐकलं का," तो म्हणाला, "दिवा गेला काय डब्याचा?"

"डबा उघडला."

दोरी त्याच्या हातातच राहिली. "काय म्हणाला?"

"टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणाला. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

"तो मी तेव्हाच बसवला की."

"आणि तुम्हाला जेवायला घाल म्हणाला."

"ते तर तुम्ही घालत आलात." हर्षद थोडा हसला, मग थांबला. पुढचं विचारायचा त्याला धीर होत नव्हता हे दिसत होतं.

शलाकानं त्याला सगळं सांगितलं. टिचकी, चक्र, दार नुसतं लोटून ठेवलेलं. हर्षदला गणितातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं. बॅटरी बदलताना प्रत्येक वेळी तो डबा उलटा करायचा आणि तो कागद त्याच्या नाकासमोर यायचा.

"म्हणजे माझ्या बॅटऱ्या?" त्यानं विचारलं.

"उगाच."

"आणि पुरातनं डोक्यावर आणला तो?"

"तोही उगाच."

हर्षद पाय पसरून भिंतीला टेकून बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते शलाकाला नीट वाचता येईना. तिला वाटलं, आता हा चिडेल. चिडला तर चिडू दे, त्याचा हक्कच आहे तो. अकरा वर्षं कमी नव्हती. त्या अकरा वर्षांत त्याचे केस गेले, तिचे पिकले, आणि दोघांच्या मध्ये काय होतं, तर कुणीही उघडू शकलं असतं असा एक डबा.

"चालू आहे का अजून?" त्यानं विचारलं.

"घरी वर्ग करतोय. त्याला कोण सांगणार?"

त्यावर मात्र हर्षदला हसू फुटलं, आणि तिलाही. बाहेरून जाणारा एकजण डोकावून गेला.

हसणं ओसरल्यावर हर्षदनं पुन्हा दोरी हातात घेतली, पण गाठ मारली नाही. "त्यानं अजून काही सांगितलंय?" त्यानं खाली बघतच विचारलं. "मी तेव्हा विचारलं होतं, त्याचं."

"त्याचं काही सांगितलं नाही. माझं काही ऐकू नकोस म्हणाला." शलाकानं पदरानं कपाळ पुसलं. दुकानाच्या कोपऱ्यात पाण्याचा जुना माठ होता, बुडाशी पाझरलेला, टाकून जायचा म्हणून बाजूला काढलेला. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि बोटानं टिचकी मारली. माठ बद्द वाजला.

"हा कुणी घेतला होता?"

"मीच. दुकानदार म्हणाला चांगला आहे."

"बेळगावाजवळ खानापूरचे माठ चांगले असतात म्हणे," शलाका म्हणाली.

"असतात. पण वाजवून घ्यावे लागतात, आणि मला त्यातलं कळत नाही."

"ते मी बघेन," शलाका म्हणाली.